व्यवसाय : प्रेक्षक

आमच्या गल्लीतले किसननाना टाळ्या वाजवतात. कशालाही. आठवडी बाजारात लसूणवाल्या बाईनं झकास हाळी दिली की नाना हातातली पिशवी दोन गुडघ्यांत धरतात आणि टाळ्या वाजवतात. डॉक्टरांनी त्यांना शुगर म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं, तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. साखर वाढलेली ऐकून खूश होणारा पेशंट डॉक्टरांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी रक्त परत तपासायला पाठवलं.

एकदा तर श्रद्धांजली सभेत. मयताच्या व्याह्यांनी फार मनापासून भाषण केलं, सभा सुन्न झाली आणि त्या शांततेत नानांच्या टाळ्या घुमल्या. लोकांनी माना वळवून पाहिलं. मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे माझ्याकडेही पाहिलं.

"नाना, अहो दुखवटा आहे," मी कुजबुजलो.

"दुखवटा हाये म्हणूनच," नाना म्हणाले. "तो बिचारा इतकं चांगलं बोलून राह्यला. समोर कोणी जित्तं हाये का न्हाई, हे त्याला कळाया नको?"

व्याह्यांना ते कळलं असावं. ते पुन्हा उठले आणि आणखी बराच वेळ बोलले.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या या गावाचं नाव मी सांगत नाही. नगरपरिषदेत माझ्या घराच्या नोंदीचं काम अजून अडकलेलं आहे. एवढं सांगतो की तालुक्याचं गाव आहे, मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि नाना माझ्या समोरच्या घरात राहतात. मूळचे ते केदारखेड्याकडचे. वडील मेंढरं राखायचे. नानांनी गावात येऊन बी-बियाण्यांचं दुकान टाकलं, ते आता मुलगा बघतो. मुलगा-सून दुकानाच्या वर नव्या घरात राहतात. नानी गेल्याला बरीच वर्षं झाली. नाना जुन्या घरात एकटेच असतात, आणि जेवणाचा डबा नव्या घरून येतो.

इतकी दाद देणारा माणूस स्वतः कलावंत असेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नाना गात नाहीत, वाजवत नाहीत, स्टेजवर कधी चढलेले नाहीत. गणपतीत सगळे आरती म्हणतात तेव्हाही ते फक्त टाळ्या वाजवतात. टीव्ही त्यांनी मुलाकडे पाठवून दिला. "त्याला टाळी वाजवली तर तिकडं कोणाला कळतं? समोर माणूस पाहिजे, सर." हे 'समोर माणूस पाहिजे' त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी येतं.

समोरचा माणूस म्हणून त्यांना पुष्कळदा आम्हीच सापडतो. एकदा पाण्याची मोटर चालू ठेवून मी शाळेत गेलो आणि गल्लीभर पाणी झालं. संध्याकाळी त्यावर आमच्या घरात चर्चा झाली. चर्चेचा आवाज वाढला तसे नाना खुर्ची घेऊन ओट्यावर येऊन बसले. हिनं शेवटी सांगितलं, "तुमच्यापेक्षा ती मोटर बरी. चालू केली की निदान काहीतरी वर चढतं." समोरून टाळ्या आल्या. "ताई, काय वाक्य टाकलं! बिलकुल बराबर!"

तेव्हापासून ही भांडताना खिडकी उघडी ठेवते. तिच्या वाक्यांचा दर्जाही सुधारला आहे.

आता थेटराचं सांगतो. नगरपरिषदेनं फार पूर्वी बांधलेलं, पत्र्याच्या छताचं एक नाट्यगृह आमच्याकडे आहे. पाटीवर नाट्यगृह, लोकांच्या तोंडी थेटर. त्याच्या चांगल्या काळात हसनाबाद, केदारखेड्याहून लोक जीप भरून खेळाला यायचे. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. मग नट आहे त्या जागी थांबायचे, पावसाचं झालं की पुढचं वाक्य बोलायचे. पुढे पत्रा गळायला लागला, मग कुलूप लागलं. मी गावात आलो तेव्हा आत नादुरुस्त पथदिवे, डासांची बंद पडलेली फवारणी मशीन आणि कबुतरं एवढंच होतं.

अशात गावाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. त्याचा भला मोठा नकाशा नगरपरिषदेच्या व्हरांड्यात लावला. पाहायला गर्दी झाली. जो तो आपल्या प्लॉटवर बोट ठेवून रस्ता कुठून जातो ते बघत होता. नाना दुपारी जाऊन आले ते थेट माझ्याकडे.

"सर, थेटर निळं झालं."

मला वाटलं, रंग दिला. म्हटलं, "अरे वा, चांगलं झालं की."

"काय चांगलं? नकाशात निळं म्हंजे दुकानं. मी बराबर विचारून आल्तो. जुन्या नकाशात त्या जागेवर नाट्यगृहाचं आरक्षण व्हतं. ते काढलं. आता तिथं बाजारसंकुल."

आराखड्यावर महिनाभरात हरकत घेता येते, अशी सूचना नकाशाखालीच लावलेली होती. नानांनी अर्ज लिहायला मला बसवलं. नाव झालं, पत्ता झाला. व्यवसायाशी मी थांबलो. "दुकानदार लिहू?"

"दुकानाला कोणी हात लावलाय का?" नाना म्हणाले. "लिहा, प्रेक्षक."

"असा व्यवसाय नसतो, नाना."

"मंग इतके वर्षं मी काय करून राह्यलो?"

मी प्रेक्षक लिहिलं.

सुनावणीची तारीख आली. नगरपरिषदेच्या सभागृहात एक समिती बसली. मध्ये नगररचना खात्याच्या मॅडम होत्या, बाहेरगावाहून आलेल्या, चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या. संकुल व्हावं म्हणणाऱ्यांच्या वतीनं संपतशेठ बोलणार होते. संपतशेठ माजी नगरसेवक. गावात जिथं पाया खणलेला दिसेल तिथं ते उभे दिसतात.

हरकत घेणारे आम्ही तसे थोडेच असणार, अशी माझी कल्पना होती. पाहतो तर सभागृह भरलेलं. बचत गटाच्या बाया, सोयाबीन काढून मोकळे झालेले शेतकरी, आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई, लसूणवाल्या बाई. नानांनी गावभर फिरून निरोप दिला होता. काय म्हणून, ते मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. "नाना म्हणले, कार्यक्रम हाये. या."

आधी संपतशेठ उठले. "त्या थेटरात कैक वर्षांत एक खेळ झाला न्हाई," ते म्हणाले. "लोक येतच न्हाईत. पडीक जागा. तिथं गाळे झाले तर पोरांना धंदा मिळंल. मोक्याची जागा कबुतरांसाठी ठेवायची का?"

मुद्दा बिनतोड होता. आणि नानांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांचा हात धरला. "नाना, ते आपल्या विरुद्ध आहेत."

"पर बोलला किती स्वच्छ!" नाना म्हणाले. त्यांचं पाहून सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाला आलेली माणसं ती.

मॅडमनी टेबलावर पेन वाजवून शांत राहायला सांगितलं आणि नानांना उठवलं. अर्ज पुन्हा वाचला. "आपण कलावंत आहात?"

"न्हाई."

"एखाद्या संस्थेचे पदाधिकारी?"

"न्हाई."

"मग या जागेशी आपला संबंध काय?"

"मी बघणारा हाये, मॅडम. नाटक करणारा एक असतो, बघणारे मस असतात. त्यांच्या वतीनं कोणी बोलत न्हाई, म्हणून आलो." नाना टेबलाजवळ सरकले. "मला एक सांगा, ते आरक्षण म्हंजे येश्टीत रुमाल टाकतो तसंच ना? रुमाल टाकून माणूस पाणी प्यायाला खाली उतरला. जल्दी आला न्हाई, कबूल. पर तेवढ्यात तुम्ही रुमाल काढून दुसऱ्याला बसवायचं का? आन् उतरला तो आपल्या मनानं उतरला न्हाई. कुलूप तुम्ही लावलं."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी संपतशेठना विचारलं, यावर काही म्हणायचंय का.

संपतशेठ पुन्हा उठले. खरं तर 'नाही' म्हणून त्यांना बसता आलं असतं. पण मघाच्या टाळ्या त्यांच्या अंगात होत्या. एवढ्या मन लावून ऐकणाऱ्या लोकांपुढे ते कधी बोलले नसावेत. "म्हंजे थेटर वाईट व्हतं असं मी म्हणत न्हाई," त्यांनी सुरुवात केली. टाळ्या. "अहो, मी सवता त्या स्टेजवर काम केलंय. शाळेत असताना." मोठ्या टाळ्या. "शिपायाचं. एकच वाक्य. 'महाराज, दूत आला आहे.' आमची आई पुढं बसलेली. माझे पाय असे लटपटून राह्यले!" इथं त्यांनी लटपटून दाखवलं. बचत गटाच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "वाक्य म्हणलो आन् थेटरात जी टाळी पडली! माझ्या लग्नातसुद्धा मला तसं वाटलं न्हवतं. गावात मला जे काही बोलाया येतं, ते त्या स्टेजवर आलं."

"म्हणजे ही जागा पिढ्यान् पिढ्या सांस्कृतिक वापरात होती, असं आपलं म्हणणं नोंदवू?" मॅडमनी विचारलं.

"नोंदवा की!" संपतशेठ म्हणाले.

सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. संपतशेठनी सगळ्यांना हात जोडले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना जिन्यात कळलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "नाना, खरं सांगा. हे तुम्ही ठरवून केलं?"

नानांना प्रश्न समजला नाही. "काय ठरवायचं? तो बोललाच चांगलं."

काही महिन्यांनी आराखडा मंजूर होऊन आला. रस्त्याच्या बाजूनं थोडी दुकानं बांधायला मोकळीक मिळाली होती, पण मागचं नाट्यगृह पाडायचं नाही; त्या जागेवरचं आरक्षण कायम. त्याच आराखड्यात एक नवा रस्ता माझ्या कंपाउंडच्या भिंतीवरून गेला आहे. त्यावर हरकत घ्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पत्रे बदलून झाले, कबुतरं बाहेर काढली, आणि थेटर उघडलं. पहिला कार्यक्रम आमच्याच शाळेच्या पोरांच्या नाटकाचा, रविवारी दुपारी. संपतशेठनी नारळ फोडला आणि हे थेटर कोणी वाचवलं ते सविस्तर सांगितलं. त्यात त्यांचं नाव बऱ्याचदा आलं.

मी नानांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरली होती. ते आले आणि न बसताच पुढे गेले. मध्यावर डाव्या बाजूला एक खांब आहे. त्याच्या मागं, जिथून अर्धं स्टेज दिसतच नाही, तिथं जाऊन बसले. मी उठून त्यांच्याकडे गेलो.

"नाना, इथून काय दिसणार?"

"दिसू द्या न्हाई तर न्हाई. बसा."

बसलो. नाटक सुरू झालं. राजाची मिशी निघाली, ती प्रधानानं परत चिकटवली, लोक हसायला लागले. आमच्या डाव्या हाताला सगळ्या बायाच बसल्या होत्या, कोणी न सांगता. नाना मान खाली घालून ऐकत होते. स्टेजकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आमची ही तिथं बसायची," ते हळूच म्हणाले. "बाया तिकडं, गडी इकडं. मधी हा खांब."

मी वाकून खांबापलीकडे पाहिलं.

"आमचं घर मोठं व्हतं, सर. आई-बाप, चुलते, भाऊ. बायकोशी चारचौघात बोलाया लाज वाटायची. तिचं काम, माझं काम. लग्नाला वर्ष झालं तरी मी तिला हसताना ऐकलं न्हवतं. कसं ऐकणार? हसायाचं घरात कामच न्हवतं. मंग एकदा सगळे मिळून इथं खेळाला आल्तो. अंधार झाला, कायतरी गमतीचं झालं, आन् बायांमधून एक हसणं आलं. आधी दाबलेलं. पदर कोंबून ठेवल्यासारखं. मंग एकदम सुटलं, आन् शेवटी ठसका. मी भावाला इचारलं, कोण रे हसून राह्यली? तो म्हणला, अरे, वहिनी हाये."

स्टेजवर प्रधानाचीही मिशी पडली. बायांच्या बाजूला पुन्हा हशा झाला. नाना तो संपेपर्यंत थांबले.

"घरी गेल्यावर मी तिला इचारलं, काय गं, कशाला हसलीस एवढी? तर म्हणली, मी कुठं हसले? दुसरीच कोणी असंल." नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मंग मी दर खेळाला आणायचो तिला, आन् इथं खांबापाशी बसायचो. दर बारीला तेच. मी इचारायचो, ती म्हणायची, मी न्हाई बाई. शेवटपर्यंत कबूल केलं न्हाई."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार?" नाना म्हणाले. "पुढच्या खेळाची वाट बघायचो."