नलूचं गिऱ्हाईक

पाळी सुटली की विश्राम तारापूरच्या कारखान्यातून सायकल दामटत सालवडला यायचा, ते एकाच ओढीने. दिवसभर यंत्रांच्या घरघरीने डोकं भणभणलेलं असायचं, मुकादमाची बोलणी पोटात साठलेली असायची. पण घरी चार वर्षांची नलू असायची. पोरीशी तासभर खेळलं की मुकादमसुद्धा माणसात जमा वाटायचा.

अडचण एवढीच होती, की नलूला बापाशी खेळायचं नव्हतं.

नलूचा खेळ ठरलेला. तिची आजी येसूबाई जवळच्या माहीमहून मासळीची पाटी घेऊन बाजारात यायची, आणि नात ओट्यावर बसून हुबेहूब तसाच बाजार मांडायची. भेंडीच्या झाडाची पानं म्हणजे पापलेटं, गुलमोहराच्या लांब शेंगा म्हणजे वाम, सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं म्हणजे पैसे. विश्राम गिऱ्हाईक व्हायचा, "काय भाव?" विचारायचा आणि सांगितलेली बुचं निमूट मोजून द्यायचा. घरात सासूच्या कृपेने मासळी आपल्या पायांनी चालत येत असे. घासाघीस त्या बिचाऱ्याला येणार कुठून?

"बाबा, तू जा. तुला घेता येत नाय," नलू म्हणायची आणि शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाळी द्यायची, "रामकिसनकाकाऽऽ!"

आणि रामकिसन यायचा. त्याच कारखान्यातला कामगार, उत्तरेकडचा, चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहणारा. अंगाने आडदांड, पण शुद्ध शाकाहारी. चाळीत कोणी कोलंबी सोलायला बसलं तर नाकाला रुमाल लावून मागच्या गल्लीने जाणारा. तोच रामकिसन नलूसमोर उकिडवा बसायचा, भेंडीचं पान हुंगायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"मावशी, ये तो बासी है!"

"बासी? तुजं नाक बासी! घ्यायचा तर घे, नायतर चालू पड!"

मग तासभर दोघांची जुंपायची. नलू खिदळून लोळायची. विश्राम चहाचा कप धरून दारात उभा असायचा, आणि चहा कडू लागायचा.

"ज्यानं जन्मात मासा खाल्ला नाय, त्याला माशातलं काय कळतंय?" तो एकदा बायकोवर उखडला.

"तुमी रोज खाताव, तुमाला तरी काय कळतं?" वत्सला म्हणाली.

रामकिसनची स्वतःची मुलगी नलूच्याच वयाची होती आणि दूर गावी होती, हे विश्रामला ठाऊक होतं. त्यामुळे तर राग धड काढताही येत नव्हता. आतल्या आत जळफळाट चालू होता.

शेवटी त्याला युक्ती सुचली. येसूबाई पाटी रिकामी करून लेकीकडे टेकली होती. रात्रीसाठी तिने एक टपोरं पापलेट राखून आणलं होतं. विश्राम म्हणाला, "मामी, ते नलूला जरा खेळायला द्या."

"खेळायला? मासा काय भावली हाय, जावय?"

"घटकाभर. मग तव्यावर टाकू."

हिशेब सरळ होता. खरा मासा पाटीत पडला की रामकिसन नाक धरून पळेल, आणि मैदान बापाला मोकळं.

खरं पापलेट पाहून नलूचे डोळे विस्फारले. विश्राम समोर बसून घसा खाकरतो आहे, तोवर ती पाटी उचलून शेजारच्या दारात पोचलीसुद्धा. एवढा भारी माल. तो हक्काच्या गिऱ्हाइकालाच दाखवायला नको?

"काका, ताजा हाय! तूच भवानी कर!"

रामकिसनने वाकून पाहिलं. माशाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण समोर नलू दोन्ही हात पुढे करून उभी होती. त्याने डोळे मिटले, खिशातली होती नव्हती ती बुचं तिच्या हातात ओतली आणि शेपटी चिमटीत धरून मासा घेतला. खोलीतून गाववाले किंचाळले, "रामकिसन! चूल्हे के पास मत आना!" दार धाडकन लागलं. बिचारा अंगणात हात लांब करून उभा राहिला.

विश्राम धावला. "दे इकडं."

"नाय!" नलूने त्याचा पाय धरला. "माजी भवानी हाय! परत नाय घ्यायची!"

"मामी, सांगा हिला," विश्राम सासूकडे वळला.

येसूबाईने पानाला चुना लावता लावता निकाल दिला, "पोर बरोबर बोलते. पयल्या विक्रीचा माल परत घेतला तर धंदा बसतो. पायजे तर त्याच्याकडून इकत घ्या."

"भैया, ऐसे ही ले जाओ," रामकिसन रडकुंडीला आला.

"फुकट नाय द्यायचा!" नलू ओरडली. "काका, दहा बुचं सांग!"

"दस बुच," रामकिसन पुटपुटला.

आणि विश्रामच्या आत काहीतरी फुटलं.

"दहा? ह्या मड्याला दहा? डोळं बग त्याचं, कसं आत गेलंय! रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसतोस, दुसऱ्याच्या पोरीला हसवतोस, आनि वर भाव सांगतोस? दोन देईन! दोन!"

चाळ गोळा झाली. रामकिसनने मासा पुढे केला. मग हळूच म्हणाला, "ठीक है भैया. दो."

विश्राम भानावर आला. कान तापले होते. पण नलू टाळ्या पिटत होती. "आये, बाबाला येतं! बाबा, उद्या तू पन पाटी घेऊन बस!"

दुसऱ्या दिवशी विश्राम चहा न घेताच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पानं मांडून बसला. रामकिसन अंघोळ करून बाहेर आला आणि दोन पाट्या पाहून थबकला. कालचं बोलणं त्याच्या चांगलं ध्यानात होतं. तो नलूच्या पाटीपुढून मान खाली घालून गेला आणि सरळ विश्रामसमोर बसला.

"क्या भाव, सेठ?"

विश्रामला कालची लाज वाटत होतीच. त्याने मोठ्या प्रेमाने भाव सांगितला, रामकिसनने पान हुंगून नाक मुरडलं आणि दोघांची अशी रंगली, की विश्रामला शेजारी कोण आहे याचाच विसर पडला.

"बाबानं माजं गिऱ्हाईक पळवलं!"

नलूने आपली पाटी लाथाडली होती. खालचा ओठ थरथरत होता. ती तरातरा आली, बापाची पाटी ओढू लागली, पाटी हलेना. मग तिने त्याचे गुडघे खाली दाबले, त्याच्याकडे पाठ करून मांडीत बसली आणि पदर नसताना पदर खोचला.

"ही पाटी माजी. काका, मला विचार. बाबा, तू गप ऱ्हा."

बाबा गप्प राहिला. तेल चोपडलेलं लहानसं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं, आणि प्रत्येक शिवीसरशी ते त्याच्या छातीवर आपटत होतं. रामकिसन पान हुंगत होता, आणि विश्राम मनातल्या मनात त्याला विनवत होता, की बाबा रे, आज घासाघीस सोडू नकोस.