पळालेला बोया

सीझनची शेवटची शर्यत आमच्या लिफ्टवाल्याने जिंकली. बारा होड्यांत पहिला! बाकीच्या अकरांना तब्बल अर्धा तास मागे टाकून!

आता ही गोष्ट ताबडतोब विसरा. अशी शर्यत झालेलीच नाही. क्लबच्या वहीत सेक्रेटरीने लाल शाईने तसं लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. तेव्हा न झालेली शर्यत कशी झाली, एवढंच सांगतो.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. वय अठ्ठावीस. आठवड्यातले सहा दिवस तो इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या खोबणीत, डोक्यावर टॉर्च बांधून लटकलेला असायचा. शेवटी त्याच्या ताईनेच शिडाच्या होड्यांच्या क्लबचा फॉर्म भरला.

"अरे, जरा ऊन लागू दे अंगाला! अंधारातल्या बटाट्यासारखा एक दिवस कोंब फुटेल तुला!"

"ताई, मी माणसं वर-खाली नेतो," लिफ्टवाला शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला. "स्वतःला आडवं न्यायला कितीसं लागतं? पहिल्याच सीझनला कप आणतो बघ."

सीझन आठ रविवारांचा. पहिल्या रविवारी गाठी शिकवल्या. दुसऱ्या रविवारी होडी मुद्दाम उलटवून परत सरळ कशी करायची ते शिकवलं. त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे उलटवण्यात, लिफ्टवाला इतका तयार झाला, की पुढचे सगळे रविवार तो न सांगता करून दाखवू लागला. तिसऱ्या रविवारी फाटकी शिडं शिवायची होती. त्याने आपली बाही शिडाला शिवली, आणि डॉक्टरांनी, म्हणजे क्लबातल्या दंतवैद्यांनी, ती नाजूक हाताने उसवून दिली. "दुखलं तर हात वर करा," असंही म्हणाले बिचारे, सवयीने.

गणिताच्या निवृत्त बाई सहा सीझन अजिंक्य होत्या. त्या दर वेळी आपली होडी त्याच्याजवळ आणायच्या.

"बाळा, वारा कुठून येतोय?"

"बाई, सगळीकडून!"

"बरं. मग त्यातला एक निवड."

शर्यती होत्या चार. पहिलीत लिफ्टवाला समोरच्या काठाला लागला. दुसरीत पोचला, पण पहिली होडी आल्यापासून वीस मिनिटांत पोचायचं असा नियम, आणि हा आला तेव्हा चहाचे कप धुऊन झाले होते. तिसरीत तो वेळेत पोचला. होडी पोचली नाही.

आणि मुख्य नियम असा, की सीझनभरात एकही शर्यत पूर्ण न करणाऱ्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाते. यादीत चाळीस जण होते. कपाबिपाचं भूत लिफ्टवाल्याच्या डोक्यावरून केव्हाच उतरलं होतं. पण आठवडाभर खोबणीत लटकताना तो रविवारचं आभाळ आठवायचा. अख्खं आभाळ, आणि त्याला दरवाजा नाही! ते आभाळ आता एका शर्यतीवर येऊन ठेपलं होतं.

शेवटच्या रविवारी लांबचा बोया टाकायची पाळी नेमकी त्याची आली. बोया म्हणजे भोपळ्याएवढा नारिंगी गोळा. त्याला दोरी, दोरीला नांगर. नांगर तळाला टेकला की बोया जागेवर राहतो, आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालून परत यायचं. लिफ्टवाला वल्ही मारत गेला, नांगर सोडला आणि दोरी ओढून बघितली. ताठ! सतारीच्या तारेसारखी ताठ! त्याचा जीव भांड्यात पडला.

इथेच घोटाळा झाला. लिफ्टच्या धंद्यात ताणलेली दोरी म्हणजे चांगली बातमी, आणि सैल दोरी म्हणजे पेपरातली बातमी. होड्यांच्या धंद्यात नेमकं उलट! नांगर टेकला तर दोरी सैल पडते. ताठ राहिली, तर नांगर अधांतरी लटकतोय. त्या आठवड्यात तलावात बरंच पाणी सोडलं होतं, आणि दोरी तळापासून तीन मीटर वरच संपत होती.

"टाकलास का नीट?" सेक्रेटरीने काठावरून विचारलं. सेक्रेटरीची बेकरी होती. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, भुवयांत मैदा.

"मी दोरीवर आठ-आठ माणसं लटकवतो, साहेब! बोया काय चीज आहे?"

शिट्टी झाली. अकरा होड्या सुसाट सुटल्या. बारावी स्वतःभोवती दोन चकरा मारून, थोडा विचार करून निघाली.

बाई सगळ्यांत पुढे. बोया पन्नास हातांवर आला, आणि मग पन्नास हातांवरच राहिला. बाईंनी शीड आणखी ताणलं. बोया पन्नास हातांवर! मागून डॉक्टर ओरडले, "बाई, बोया पळतोय!"

"बोया पळत नसतो, डॉक्टर! आपण हळू चाललोय!"

गणितावर एवढा विश्वास फार कमी लोकांचा असतो. अकरा होड्या त्या भोपळ्यामागे निघाल्या, जणू लग्नघरातून नवरदेव पळालाय. पार तलावाच्या टोकाला, लव्हाळ्यापर्यंत!

आणि वारा फिरला. बोयाने अंग वळवलं आणि अकरांच्या मधून, कुणाला हात न लावू देता, परत निघाला. तलावाच्या मध्यावर लिफ्टवाला पायात अडकलेली दोरी सोडवत बसला होता. मान वर करतो तर बोया समोरून येतोय! त्याच्या डाव्या अंगाने आला, मागून गेला आणि पुढे चालता झाला. शर्यतीत बोयाला वळसा घालायचा असतो. इथे बोयानेच वळसा घातला!

"अरेच्चा, जवळ होता की," लिफ्टवाला म्हणाला, आणि होडी वळवून पाठीवर वारा घेत थेट काठाजवळच्या शेवटच्या रेषेपार आला.

पहिला! काठावर ताईने आनंदाने थर्मासचं झाकण तलावात फेकलं. सेक्रेटरीने स्टॉपवॉच कानाला लावून बघितलं.

अर्ध्या तासाने बाकीचे आले. सर्वांत शेवटी बाई, मांडीवर ओला बोया, आणि होडीखाली लटकणारा नांगर.

"हा कुणी टाकला?"

"मी, बाई!" लिफ्टवाला अभिमानाने म्हणाला. "दोरी बघा, अजून ताठ आहे!"

डॉक्टरांनी हळूच समजावलं, आणि लिफ्टवाल्याचा चेहरा वीज गेलेल्या लिफ्टसारखा मधल्याच मजल्यावर अडकला.

सेक्रेटरीने वही उघडली. "बोया जागेवर नव्हता, म्हणजे शर्यत झालीच नाही. वाईट वाटतं रे, पण तुझी... यादीत चाळीस जण..."

"चूक माझीच आहे, साहेब," लिफ्टवाला म्हणाला आणि लाइफ जॅकेटचे पट्टे सोडू लागला. सोडताना गाठ पडली.

"थांब," बाई म्हणाल्या. "झालीच नाही ना? मग घ्या. रविवार अजून संपलेला नाही."

सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, ताईचं तोंड पाहिलं, आणि गोदामातून लांब दोरी काढली. या वेळी बोया डॉक्टरांनी टाकला. दोरी अशी सैल पडली, की लिफ्टवाल्याला बघवेना.

शर्यत पुन्हा सुरू झाली. बाई गेल्या, वळसा घातला, परत आल्या आणि रेषेच्या दहा हात अलीकडे शीड मोकळं सोडून थांबल्या. डॉक्टर आले, थांबले. एकेक करत अकराही होड्या रेषेसमोर रांगेत फडफडत उभ्या राहिल्या, रेशनच्या दुकानासमोर माणसं उभी राहावीत तशा. पहिली होडी पोचल्याशिवाय वीस मिनिटं मोजायला सुरुवात होत नाही, हे बाईंचं साधं गणित. सेक्रेटरीने पाठ फिरवली आणि नसलेली मांजर हाकलू लागला.

पाऊण तासाने लिफ्टवाला आला. बोयाला स्वतः वळसा घालून! आणि बघतो तर काय, अकरा होड्या बंद पडलेल्या!

लिफ्टवाल्याला बंद पडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. रेष राहिली बाजूला, तो पहिल्याच होडीला जाऊन चिकटला.

"डॉक्टर, काय बिघडलं?"

"काही नाही! दोरी गुंतलीय. तू हो पुढे!"

"अहो, असं कसं? सोडवतो ना!"

"नको! जा रे बाबा!"

"बाई, तुमचं काय?"

"बूट शोधतेय."

"मी बघतो वाकून!"

एवढ्यात वारा पडायला लागला. काठावरून ताई ओरडली, "अरे गाढवा, पुढे जा!" पण लिफ्टवाला तिसऱ्या होडीकडे वळलेला होता. मग बाईंनी चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला.

"सरळ उभा राहा! आणि सरळ जा!"

लिफ्टवाला ताडकन सरळ उभा राहिला. एवढ्याशा होडीत कुणी सरळ उभं राहत नसतं. होडी आडवी झाली, मग पुरती उलटी झाली, आणि तिच्या पोटाला पालीसारखा चिकटलेला लिफ्टवाला उरल्यासुरल्या वाऱ्यावर, इंच-इंच करत, रेषेपार वाहत गेला.

शिट्टी!

"होडी सरळच असावी असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही!" सेक्रेटरीने जाहीर केलं. मांजर एव्हाना गेली असावी.

पुढच्या अर्ध्या मिनिटात अकराही होड्या रेषेपार आल्या. डॉक्टरांची गुंतलेली दोरी एका झटक्यात सुटली. बाई जवळून गेल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांत बूट होते. लिफ्टवाल्याने ते बूट पाहिले, मग त्या दोरीकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्याचे डोळे भरून आले. पण तोंड आधीच ओलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. बाईंना कळलं असावं.

"बाळा, वारा कुठून येत होता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून, बाई."

कप त्याला मिळाला नाही. कप चारही शर्यतींच्या गुणांवर देतात, आणि तो बाईंनी सातव्यांदा घरी नेला. जागा मात्र राहिली. सोमवारी क्लबच्या पेटीत एक अर्ज सापडला. तो जसाच्या तसा देतो:

"मा. सेक्रेटरी यांस,

विषय: शेवटचा क्रमांक राखून ठेवण्याबाबत.

महोदय, मी काल पहिला आलो. पुढे कुणीही दिसत नसल्याने गैरसोय झाली. शेवटून अकरा शिडं दिसतात व बरं वाटतं. तरी पुढील सर्व सीझनसाठी शेवटचा क्रमांक माझ्या नावे कायमस्वरूपी राखून ठेवावा, व तिथे थांबून माझी वाट पाहण्यास इतरांना मनाई करावी. ते शक्य नसल्यास, तलावाची खोली क्लबकडे उपलब्ध असलेल्या दोरीइतकी करून मिळावी, ही नम्र विनंती."