घोरणाऱ्याला गादी बक्षीस

"बाबा, स्पर्धा लावल्याशिवाय आता कुणी दुकानाच्या ऑनलाइन पेजकडे फिरकत नाही," लेकीने सांगितलं, तेव्हा गादीवाले दुकानात माशा मारत बसले होते. कोपऱ्यावर गाद्यांचं मोठं झगमगीत दुकान उघडल्यापासून त्यांच्याकडे माणसं येत ती त्या दुकानाचा पत्ता विचारायला. गादीवाल्यांचा सगळा भरवसा आता पाटीवरच्या एका वाक्यावर होता : 'आमच्या गादीवर माणूस घोरत नाही.' हे वाक्य त्यांनी स्वानुभवावरून लिहिलं होतं. स्वतःला घोरताना त्यांनी आजवर एकदाही ऐकलं नव्हतं.

स्पर्धा त्यातूनच निघाली. घरातल्या घोरणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून दुकानाच्या पेजवर टाकायचा. खरं नाव नको, चेहरा नको. ज्या आवाजाला सगळ्यांत जास्त लाइक, तो पाठवणाऱ्याला गादी फुकट.

पण घरचं घोरणं चव्हाट्यावर आणायला कुणी धजेना. मग गादीवाल्यांनी प्रचाराचा सपाटा लावला. नातेवाइकांच्या ग्रुपवर उठल्याबसल्या तीच जाहिरात. दाढ उपटून घ्यायला गेले तेव्हाही त्यांनी आधी डॉक्टरला लाइक करायला लावलं आणि मगच तोंड उघडलं.

अखेर 'जागी बाई' या नावाने एक आवाज आला. तो खालच्या सुरात सुरू होई, चढत चढत जाई, मध्येच असा थांबे की ऐकणाऱ्याला काळजी वाटावी, आणि मग शिट्टी मारून पुन्हा खाली उतरे. गादीवाले बेहद्द खूश झाले.

"हा माणूस आहे की पिठाची गिरणी!" ते जेवताना म्हणाले. "अगं, ऐक तरी."

"ऐकलाय," बायको म्हणाली.

"त्या बिचारीचे काय हाल होत असतील!"

"होतात."

लेकीला ठसका लागला. "बाबा, या आवाजाचा फार गाजावाजा नका करू."

"तुला धंद्यातलं काय कळतं?" म्हणत त्यांनी त्याची रिंगटोन करून टाकली.

आवाज हा हा म्हणता गावभर झाला. लाइकचा पाऊस पडू लागला तसे गादीवाले चढले आणि त्यांनी एक व्हिडिओ टाकला. "ज्या घरात हा आवाज आहे त्या घरात आमची गादी असूच शकत नाही. निघाली, तर दुकानाला कायमचं कुलूप लावीन!"

बक्षिसाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या दुकानाचा मॅनेजरसुद्धा मजा बघायला आला होता. लेकीने मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. "जागी बाईंनी पुढे यावं," गादीवाल्यांनी पुकारलं.

गल्ल्यामागून त्यांची बायको उठली.

"अगं, पाणी नंतर दे. आधी त्या बाईंना येऊ दे."

"आल्या," ती म्हणाली.

गादीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांनी उभं केलेलं दुकान आपल्याच नाकाने बुडवलं, या विचाराने त्यांना भर गर्दीत रडू यायचं बाकी राहिलं.

"कुलूप आणू का, शेठ?" मॅनेजरने विचारलं.

बायकोने मोबाइलकडे तोंड केलं. "घोरतात ते हेच. गादीही आमच्याच दुकानातली. पण आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय ना? त्याच्या शेजारी लग्न झाल्यापासून मला रोज गाढ झोप लागते. आता तुम्हीच सांगा, गादी कशी असेल?"

"मग नाव 'जागी बाई' का?" मॅनेजर हटेना.

"झोपेत रेकॉर्ड करता येतं का हो?"

लोक हसले. मागून एका बाईने किंमत विचारली, दुसरीने घरपोच मिळेल का ते विचारलं. दिवेलागणीपर्यंत गोदाम रिकामं झालं. शेवटची गादी मॅनेजरने नेली. त्याला घरून बायकोचा फोन आला होता.

बक्षिसाची गादी डोक्यावर घेऊन गादीवाले बायकोबरोबर घरी निघाले. "आज तू दुकान वाचवलंस. आणि माझ्या शेजारी तुला इतकी छान झोप लागते, हे मला कधी कळलंच नाही बघ."

"डोळ्याला डोळा लागत नाही," बायको म्हणाली. "ती गादी बाहेरच्या खोलीत टाका. तुमची आहे."