दस्तगीरभाईंची तीव्र नाराजी

मंत्रिमंडळाचा विस्तार कधीही होवो, बिरदेवची बातमी आधीच तयार! सोलापुरातल्या एका दैनिकात तो वार्ताहर. अल्पसंख्याकांना मंत्रिपद मिळालं तर 'समाजात आनंदाची लाट', नाही मिळालं तर 'तीव्र नाराजी'. दोन्हींखाली फोटो मात्र एकाच माणसाचा, दस्तगीर नदाफांचा. त्यांचं आपलं गाद्यांचं दुकान. पण बिरदेवच्या लेखी तेच अख्खा समाज. पूर्वी तो फोन करून मत विचारायचा. पुढं तेवढा तरी त्रास कशाला, म्हणून स्वतःच लिहू लागला. फोटो छापून येतोय म्हटल्यावर दस्तगीरभाईही गप्प बसायचे.

या खेपेला यादीत समाजाचं एकही नाव नव्हतं. बिरदेवनं 'नाराजी' धाडून दिली आणि निवांत चहाला गेला. नेमकी त्याच आठवड्यात बापूसाहेबांच्या वसतिगृहाच्या गाद्यांची ऑर्डर दस्तगीरभाईंना मिळायची होती. बापूसाहेब सत्ताधारी पक्षाचे जिल्हाध्यक्ष. आणि पेपरात दस्तगीरभाई म्हणतायत, 'या पक्षाला धडा शिकवू!'

दस्तगीरभाई पेपर घेऊन थेट कचेरीत आले. "बिरदेव, मी कुणाला धडा शिकवणार हाय? मला गाद्या शिवायच्या हायत. वर्षाचं काम घालवलंस की माझं."

बिरदेवनं दुसऱ्याच दिवशी सारवासारव छापली: 'नव्या मंत्रिमंडळावर समाज समाधानी.' आता एकही मंत्री नसताना समाधान कसलं? संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली दुकानात जमली. हा माणूस विकला गेला, असं लोक तोंडावर म्हणू लागले. आदल्या दिवशी पाठ थोपटणारेच सगळ्यांत पुढं. दस्तगीरभाईंना रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी चूक आपली म्हणून सांगायला बिरदेवच त्यांना स्कूटरवर घालून बापूसाहेबांकडं घेऊन गेला. बापूसाहेबांनी दोन्ही अंक वाचले होते. बिरदेवला तोंड उघडू न देता म्हणाले, "नाराजी कळली. मंत्रिपद आमच्या हातात न्हाय, पण समाजावर अन्याय हुऊ देणार न्हाय."

झालं! दस्तगीरभाईंच्या गळ्यात हार पडला. पक्षाच्या अल्पसंख्याक आघाडीचे शहर उपाध्यक्ष! फोटो निघाले, पेढे वाटले गेले. बिरदेवनं उभ्या उभ्याच मथळा ठरवला: 'अखेर समाजाला न्याय!'

दस्तगीरभाईंनी हार सावरत हळूच विचारलं, "साहेब, गाद्यांचं कसं?"

बापूसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "गाद्या तुमच्याच की. पण आता तुमी घरचं माणूस. घरच्या माणसानं बिल लावायचं असतंय व्हय?"