रडण्यास हरकत नसल्याबाबत

विषय : वय वर्षे शून्य, महिने नऊ असलेल्या मुलीस चौदा तासांच्या विमानप्रवासाने तिच्या आजीकडे नेणे.

विषय एवढाच होता. एका ओळीत मावत होता. मुलीच्या बापाला इथंच शंका यायला हवी होती, कारण त्याच्या कचेरीत एका ओळीत मावणाऱ्या विषयाला कुणी विषय मानत नसे.

बाप तक्रार निवारण विभागात अधीक्षक होता. कचेरीत त्याला सगळे 'दिलगीर' म्हणत, अगदी तोंडावर, आणि तो ओ देत असे. त्या विभागाची एक खास पद्धत होती आणि ती त्यानंच शोधून काढली होती : तक्रार येण्याआधी दिलगिरी पाठवायची. ज्या गोष्टीबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त झाली आहे, तिची तक्रार नियमाप्रमाणे दाखल करून घेता येत नाही. नव्या इमारतीत लिफ्ट बसण्याच्या तीन महिने आधी त्यानं पाटी लावून घेतली, 'लिफ्ट बंद असल्याबद्दल दिलगीर आहोत.' पुढे लिफ्ट बसली, बंद पडली, एकही तक्रार आली नाही. पाटीबद्दल त्याला बढती मिळाली. लिफ्ट अजून बंदच आहे.

सासूबाई समुद्रापलीकडे धाकट्या मुलाकडे राहत. त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, दोन महिने, फार तर तीन.

"जावईबापू, मला दुसरं काही नको," त्या फोनवर म्हणाल्या. "पोरीला एकदा नीट बघू द्या. तिचं नाक कुणाकडचं यावरून इथं वाद पेटलाय. तुमचा मेहुणा म्हणतो, तुमचं. मी म्हणते, आमचं. निकाल मी देणार, पण पुरावा बघून."

पाच आठवड्यांनंतरची तिकिटं निघाली. मुलीच्या आईनं लंगोट मोजले, दोन झबली जास्त घेतली आणि म्हणाली, "झाली तयारी."

"याला सामान म्हणतात," बाप म्हणाला. "तयारी वेगळी. विमानात अडीचशे माणसं असतील. चौदा तास. ही रडली तर?"

"रडली तर घेईन की तिला."

"आणि त्या अडीचशेंचं काय?"

"त्यांना तू घे."

त्यानं त्यांना घेतलंच. दुसऱ्या दिवशी मसुदा तयार झाला.

*मान्यवर सहप्रवासी, मी नऊ महिन्यांची असून हा माझा पहिलाच विमानप्रवास आहे. प्रवासात माझ्याकडून रुदन घडल्यास होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी आगाऊ दिलगीर आहे. सोबत कानात घालायचे बोळे व दोन आंबट-गोड गोळ्या जोडल्या आहेत. आपली नम्र,*

आणि खाली सहीची जागा. पहिली प्रत अर्जदारानं खाल्ली. दुसऱ्या प्रतीवर अंगठा घेतला.

"तिला अजून 'बाबा' म्हणता येत नाही," आई म्हणाली, "आणि तू तिच्या तोंडी 'गैरसोय' घालतोयस?"

"'बाबा'ला मुदत नाहीये. याला आहे."

पत्रं कुणाकुणाला द्यायची ते आधी कळावं म्हणून त्यानं विमान कंपनीला फोन लावला. मदतकक्षातली मुलगी हरखून गेली. "सर, इतकी वर्षं पोरं रडतायत, पण हे असं कुणी विचारलंच नव्हतं! मी वर कळवते."

तिनं वर कळवलं. वरच्यांनी आणखी वर कळवलं. चार दिवसांत कंपनीत शिशु-रुदन पूर्वपरवानगी कक्ष स्थापन झाला आणि पाचव्या दिवशी त्याचा पहिला अर्ज पहिल्या अर्जदाराच्या घरी येऊन पडला. अकरा पानी.

*अर्जदाराचा व्यवसाय.*
*रडण्याचे स्वरूप : सतत / अधूनमधून / प्रसंगोपात्त. (लागू नसेल ते खोडावे.)*
*रडण्याचे प्रयोजन.*
*अर्जदार यापूर्वी रडला असल्यास तारीख व वेळेसह तपशील जोडावा.*

दुसरा कुणी असता तर त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं. पण दिलगीर प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती अर्ज पडला की घरच्यांचे हाल सुरू होतात. त्यानं कचेरीतून काळ्या पुठ्ठ्याची, लाल कडांची एक जाडजूड वही आणली आणि मुलीसमोर मांडी घालून बसला. मुलगी हसत होती. त्यानं वही उघडली. मुलीनं वहीकडे पाहिलं, मग वहीमागच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. त्यानं वेळ लिहिली.

आठ दिवस असंच चाललं. वही उघडली की रडणं, रडणं आलं की नोंद, आणि नोंद करायची म्हणजे वही उघडी ठेवणं आलं.

"अरे, ती वहीला रडतेय!" आई ओरडली.

त्यानं लिहिलं : *आईचे मत. पुराव्याअभावी अमान्य.*

रोजची सरासरी तीन तास दहा मिनिटं निघाली. कक्षाच्या नियमानुसार मुभा संपूर्ण प्रवासात चाळीस मिनिटांची होती. अर्ज 'प्रखर' वर्गात गेला. प्रखर वर्गाला निरीक्षकासमोर घरी तालीम देणं सक्तीचं होतं. वही सीलबंद करून कक्षाकडे जमा झाली.

तालमीच्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्यांच्या तीन रांगा लागल्या. सहप्रवासी म्हणून शेजारी बोलावले होते. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सर्वांत आधी आले आणि फ्रिजशेजारची खुर्ची धरून बसले, कारण तिथून खिडकी दिसत होती. समोरची शिवणकाम करणारी बाई त्यांच्या बाजूला बसली. निरीक्षकानं गळ्यातलं घड्याळ दाबलं आणि विमान सुटलं.

दहाव्या मिनिटाला हेडमास्तर म्हणाले, "बाई, हा हात टेकायचा दांडा माझा."

"तुमचा हात आत्तापर्यंत होता की, सर. आता माझी पाळी."

"पाळीबिळी काही नसते. मी खिडकीचा माणूस आहे."

"मग खिडकीत टेका."

विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेतल्या विमा एजंटानं फोनवर मोठ्यानं कुणाला तरी पॉलिसी समजावायला घेतली. पंचविसाव्याला हेडमास्तरांनी जेवण कधी येणार ते विचारलं, तिसाव्याला ओरडून विचारलं. मुलगी आईच्या मांडीवर बसून या सगळ्यांकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. मग तिला झोप लागली.

निरीक्षकानं घड्याळ थांबवलं. "रुदन आढळून आले नाही. तालीम असफल."

"रडली नाही म्हणजे चांगलंच झालं ना?" आईनं विचारलं.

"ताई, तुमचा अर्ज रडण्याचा आहे. न रडण्याचा नमुना वेगळा असतो, तो अजून छापलेला नाही." मग त्यानं आवाज उतरवला. "एक बारीकसा चिमटा काढलात तर माझंही काम होईल."

"आधी तुम्हाला काढून बघते. लावा घड्याळ."

निरीक्षकानं पुढची तारीख दिली. त्या तारखेच्या आत विमान सुटत होतं, म्हणून तिकिटं पुढे ढकलली. दुसऱ्या तालमीत मुलीनं टाळ्या वाजवल्या. तिकिटं पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या तालमीत हेडमास्तर आणि शिवणवाल्या बाईंचं रडण्यापर्यंत आलं, पण अर्ज त्यांचा नव्हता.

मधल्या काळातले सासूबाईंचे फोन. यांची नोंद कुठल्याही वहीत नाही.

"फोटो पाठवला होतात ना, जरा मोठा करून पाठवा. नाक धूसर दिसतंय."

"फ्रॉक लाल आहे ना? बघा, रंग ओळखला."

"घाई नाही हो, जावईबापू. तुमची कामं होऊ द्या. खिडकी उघडली की मला उजेड कळतो अजून."

त्या दिवशी आईनं फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता तारीख बदललीस तर आम्ही दोघी जाऊ. तू इथं रडत बस. पूर्वपरवानगी घेऊन."

पण ती वेळ आली नाही. त्याच आठवड्यात मुलगी वर्षाची झाली, आणि अर्ज 'एक वर्षाखालील' मुलांसाठी असल्यानं तो आपोआप बाद ठरला. सीलबंद वही परत आली. दिलगीरनं मदतकक्षाला फोन केला.

"म्हणजे आता परवानगी लागत नाही?"

"लागते ना, सर. पण आता ती मागता येत नाही."

आईनं तेवढ्यात परवाची तिकिटं काढली होती. वही फेकून द्यायला नवरा तयार नव्हता, म्हणून तिनं ती मोठ्या सुटकेसच्या तळाशी घातली, वर बारा लंगोट रचले आणि सुटकेस विमानाच्या पोटात पाठवून दिली.

विमानात त्यानं अडीचशे पत्रं वाटली. प्रवाशांनी गोळ्या खाल्ल्या. एक गृहस्थ सात तास घोरला. एकानं खुर्ची मागे टाकली म्हणून मागच्यानं गुडघे रोवले आणि दोघांची तीन वेळा जुंपली. एक बाई कानात काही न घालता मोबाईलवर विनोद बघून खदाखदा हसत होती. यांपैकी कुणीही आगाऊ दिलगिरीचं पत्र वाटलं नव्हतं. मुलगी चौदा तासांत एकदाही रडली नाही.

उतरताना एका माणसानं दिलगीरला अडवलं. "अहो, बोळे दिलेत, गोळ्या दिल्यात, आणि पोर रडलंच नाही? मी झोपलो नाही त्या नादात!"

दिलगीरनं दिलगिरी व्यक्त केली.

बाहेरच्या दालनात सासूबाई बाकावर बसल्या होत्या. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी मेहुणा. त्या दाराकडे बघत होत्या, पण ते दार दुसरंच होतं.

"आई," मुलीची आई म्हणाली, आणि तिनं लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

म्हातारीनं हात पुढे केले. नात सापडली. पण ती गप्प होती, टुकूटुकू बघत. दालनात कल्लोळ होता. चाकांच्या पेट्या, घोषणा, माणसं.

"हीच का?" सासूबाईंनी विचारलं. "फोनवर हिचं रडणं ऐकलंय मी. ही तर हूं की चूं करत नाही. गप्प मूल काय, कुणाचंही असेल."

मग आई नवऱ्याकडे वळली. "काढ तुझी वही."

त्यानं सुटकेस तिथंच जमिनीवर आडवी केली. लंगोट उपसले. काळा पुठ्ठा, लाल कडा. वही उघडली. मुलीनं पाहिलं, ओठ थरथरले, आणि तिनं असं भोकाड पसरलं की घोषणा ऐकू येईना.

सासूबाईंचा चेहरा फुलला. "हां! ही आमची!" रडणाऱ्या तोंडावरून त्यांची बोटं वर सरकली. "आणि नाकही आमचंच. लिहून घ्या, जावईबापू. निकाल लागला."

वही उघडीच होती. सवयीनं त्यानं तारीख घातली. पुढे काही सुचेना. त्याला सासूबाईंना एक शब्द सांगायचा होता, रोज कचेरीत शंभरदा वापरलेला. पण तो त्यानं आजवर गोष्ट घडण्याच्या आधीच वापरला होता. नंतर तो कसा म्हणायचा असतो, ते त्याला येत नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं. वही मात्र मिटली नाही, कारण म्हातारीला अजून ऐकायचं होतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून कुणीतरी 'च्' केलं.

ते तुम्ही नव्हता, हे मान्य. तुम्ही कुठल्याच बाकावर कधी तसं केलेलं नाही, हेही मान्य. तरी सोबतचं पान तेवढं भरून द्या.

*मी, खाली सही करणार, लहानपणी ............ तास रडलो / रडले. त्याकरिता कोणाचीही पूर्वपरवानगी घेतली नव्हती. ज्यांनी ते ऐकून घेतले, त्यांची 'हरकत नाही' अशी सही सोबत जोडली आहे / आता आणता येत नाही, कारण ............*

*(लागू नसेल ते खोडावे. मुदत उलटल्यानंतरची दिलगिरी स्वीकारली जाणार नाही.)*