पान पडत असताना ती काय बोलली?

एका जंगलात इंदूबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. मुलांनो, गोष्टीतल्या प्राण्यांना सहसा वय नसतं. इंदूबाईंना होतं. थंडीत त्यांची कंबर धरायची, आणि वाटेत कुणी 'आजी' म्हणून हाक मारली तर त्या वळून बघायच्या नाहीत.

नवरा जाऊन बरेच पावसाळे झाले होते. मुलगा मधुकर आणि सून मोहना यांच्या गुहेत त्या राहायच्या. दोघं सकाळी मध शोधायला बाहेर पडली, की दोन्ही पिल्लं इंदूबाईंच्या पदरात. अस्वलांना पदर नसतो, म्हणून पाठीवर.

ओढ्यापलीकडे दत्तोपंत राहायचे. तेही अस्वलच, आणि विधुर. एकदा एका वारुळाशी दोघांची गाठ पडली. दत्तोपंतांनी वारूळ फोडलं आणि 'आधी तुम्ही' म्हणून बाजूला उभे राहिले. वाळवीच्या बाबतीत असं वागणारं अस्वल इंदूबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग गाठी पडत गेल्या. कधी करवंदांच्या जाळीत, कधी मोहाच्या झाडाखाली. शेवटी दोघांनी ठरवलं की उरलेलं आयुष्य एकाच गुहेत काढायचं, दत्तोपंतांच्या. सगळं ठरलं. फक्त मधुकरला सांगायचं राहिलं.

तेवढंच जमेना. इंदूबाई धीर करून मुलासमोर जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "मधू..." मधुकर मान वर करायचा. मग त्या म्हणायच्या, "काही नाही. मध उतू जातोय बघ." तिथे मध नसायचा आणि तो उतूही जात नसायचा.

अशातच जंगलात एक सिनेमा आला.

सिनेमाचं नाव 'कातरवेळेचं तळं'. काढला होता बगळेसरांनी. बगळेसर म्हणजे फार मोठं नाव. ते एका पायावर उभे राहून विचार करायचे, आणि दुसरा पाय खाली आला की सिनेमा पूर्ण झाला असं समजायचं. ही गोष्ट होती एका विधवा हरिणीची आणि एका विधुर सांबराची. सात जंगलांत गौरव झाला होता. पोपट दिवसभर सांगत फिरत होते, "यातलं मौन बोलतं, यातलं मौन बोलतं."

मधुकर तो दोनदा बघून आला. दोन्ही वेळा त्याचे डोळे सुजले होते. तो आईला म्हणाला, "तू बघच आई. उतारवयातलं प्रेम किती पवित्र असतं ते कळेल तुला."

इंदूबाईंनी हळूच विचारलं, की त्या हरिणीला मुलगा आहे का. आहे, मधुकर म्हणाला. आणि ती त्याला सगळं सांगते का? मधुकर म्हणाला, "तो प्रसंग तर काय वर्णावा."

झालं. इंदूबाईंना वाटलं, सुटले. ती हरीण सांगेल ते शब्द आपण पाठ करायचे आणि घरी येऊन म्हणायचे. मुलाला ते आधीच पसंत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्या वाघाच्या जुन्या गुहेत जाऊन बसल्या. लोकलाजेस्तव दत्तोपंत दोन रांगा मागे बसले. बरोबर त्यांनी द्रोणभर बोरं आणली होती.

सिनेमा सुरू झाला. सांबर तळ्याकडे बघत होतं. मग हरीण आली, आणि तीही तळ्याकडे बघू लागली. हरिणीचं काम एका कोवळ्या पोरीनं केलं होतं, कानशिलांना राख फासून. तिची कंबर कुठेच धरत नव्हती. मध्यंतरापर्यंत दोघं तळ्याकडे बघत राहिली. मध्यंतरानंतर तळं दोघांकडे बघत राहिलं. कुणी काही खाल्लं नाही, कुणी कुणावर चिडलं नाही, एकदाही कुणाला शिंक आली नाही. मागून दत्तोपंतांचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

इंदूबाईंनी दम धरला. त्यांना एकच प्रसंग हवा होता.

आणि तो आला. मुलगा गवत खात होता. हरीण त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाळा, मला तुला काही सांगायचं आहे."

इंदूबाई पुढे सरकल्या. बासरी वाजू लागली. झाडावरून एक पान सुटलं. ते पान खाली यायला लागलं, आणि येतच राहिलं. कॅमेरा पानामागे, बासरी पानामागे. पान एकदाचं पाण्यावर टेकलं तेव्हा पुढचा प्रसंग सुरू झाला होता. हरीण सांबराला म्हणत होती, "आपलं नातं सोबतीच्या पलीकडचं आहे." मग दोघं तळ्याकडे पाठ करून दोन दिशांना चालू लागली. समाप्त.

सगळी गुहा हुंदके देत होती. इंदूबाईंनी शेजारच्या भेकरीणबाईंना विचारलं, "पान पडत असताना ती काय बोलली?"

भेकरीणबाईंनी डोळे पुसत सांगितलं, की ते दाखवलंच नाही, तेच तर सौंदर्य आहे.

दत्तोपंत जागे झाले आणि शेवट काय झाला म्हणून विचारू लागले. इंदूबाईंनी सांगितलं, की गेली दोघं, दोन दिशांना. दत्तोपंतांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "का?"

बगळेसर गुहेच्या तोंडाशी उभे राहून प्रशंसा स्वीकारत होते. इंदूबाई थेट त्यांच्यासमोर गेल्या आणि पान पडतानाचा तोच प्रश्न विचारला.

"ते शब्द प्रेक्षकानं आपल्या मनातून घ्यायचे असतात, बाई," बगळेसर म्हणाले.

"माझ्या मनात असते तर मी इथे कशाला आले असते?"

बगळेसरांनी उचललेला पाय खाली ठेवला. पोपटांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं, की इंदूबाई रडल्या नाहीत. उलट प्रश्न विचारला. बाईला काळीज नाही.

मधुकर रागानं लाल होऊन घरी आला. एवढ्या मोठ्या कलावंताला असं विचारतात का, म्हणाला. मग आईची दया येऊन तो तिला तो प्रसंग समजावून सांगू लागला. ती आई आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेली असते. तिलाही कुणीतरी हवं असतं. हे ती मुलाला न बोलता सांगते, आणि मुलाला न बोलता कळतं.

"मग मुलगा काय करतो?" इंदूबाईंनी विचारलं.

"त्याचे डोळे भरून येतात," मधुकर म्हणाला, आणि त्याचेच आले.

इंदूबाईंना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. त्या म्हणाल्या, "मधू, मी ओढ्यापलीकडे दत्तोपंतांकडे राहायला जाणार आहे. कायमची."

बासरी वाजली नाही. पानही पडलं नाही. मधुकरचे भरलेले डोळे होते तिथेच सुकले.

"आणि पिल्लांना कोण बघणार?" तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, मुलांनो. मोहनानं झोपलेल्या पिल्लांकडे पाहिलं, मग ओढ्याकडे पाहिलं. ओढ्याला किती पाणी आहे याचा ती अंदाज घेत असावी.

मग मधुकरनं 'लोक काय म्हणतील' हेही विचारलं, आणि लोक सकाळी स्वतःच आले. पोपटांचा थवा, आणि पुढे बगळेसर. बगळेसरांनी इंदूबाईंना मोठ्या मनानं क्षमा केली होती. त्यांनी एक मार्ग सुचवला. इंदूबाई आणि दत्तोपंतांनी संध्याकाळी तळ्यावर यावं. थोडा वेळ पाण्याकडे बघावं. मग दोन दिशांना निघून जावं. सगळं जंगल रडायला येईल. दरवर्षी त्या दिवशी सभा भरेल. मधुकरलाही मान वर करून हिंडता येईल.

मधुकरनं आशेनं आईकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर इंदूबाई डगमगल्या. मुलाच्या डोळ्यांत आपल्याविषयी पाणी यावं, असं कोणत्या आईला वाटत नाही? त्यांनी दत्तोपंतांना बोलावणं धाडलं.

दत्तोपंतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते इंदूबाईंना म्हणाले, "तुम्हाला पिल्लांची ओढ असेल तर राहा. मी रागावणार नाही. पण मला तळ्यावरून चालत जायला सांगू नका. एक तर माझा गुडघा दुखतो. आणि मी वळून बघेन. त्यांचा सगळा प्रसंग बिघडेल."

इंदूबाईंनी आणखी काही ऐकलं नाही. त्या उठल्या, पिल्लांचे मुके घेतले आणि दत्तोपंतांबरोबर ओढा ओलांडून गेल्या. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, आणि एकाच दिशेला. पोपट बगळेसरांकडे बघू लागले. बगळेसर म्हणाले, की हा विषय आता अगदीच घरगुती झाला.

मधुकरनं आईशी बोलणं टाकलं.

पण पिल्लं कुणाशी बोलणं टाकत नाहीत. सकाळ झाली की मोहना त्यांना ओढ्याच्या उथळ बाजूनं पलीकडे नेऊन सोडायची. तिकडे त्यांना एका आजीऐवजी आजी-आजोबा मिळाले, आणि पाठी दोन मिळाल्यामुळे आधी कोण बसणार हे भांडणही मिटलं. दत्तोपंत घोरायचे आणि इंदूबाई त्यावरून रोज बोलायच्या. दत्तोपंत रोज ऐकून घ्यायचे.

पुढे लोकाग्रहास्तव सिनेमा पुन्हा लागला. मधुकर पिल्लांना घेऊन स्वतः ओढ्यापलीकडे आला. आईकडे न बघता म्हणाला, की आम्ही दोघं जरा जाऊन येतो, तोवर यांना बघ.

तिन्हीसांजेला तो परत आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं. पिल्लं दत्तोपंतांच्या पोटावर झोपली होती. मधुकर दारातच थांबला. बऱ्याच दिवसांनी तो आईशी बोलला.

"बिचारी," तो म्हणाला. "तिला कुणी समजूनच घेतलं नाही."

इंदूबाईंनी झोपलेलं पिल्लू उचलून त्याच्या पाठीवर ठेवलं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "तिचा मुलगा तुझ्यासारखा नसेल."

मधुकरला ते ऐकून फार बरं वाटलं.

तात्पर्य : उतारवयात प्रेम अवश्य करावं, पण शेवटी तळ्याकडे पाठ करून आपापल्या वाटेनं जावं. जे तसे जातात त्यांच्यासाठी सगळं जंगल रडतं. जे एकत्र राहतात त्यांच्याकडे जंगल आपली पिल्लं सोडतं आणि रडायला जातं.