बेडकाच्या जागी मुख्याध्यापक

शाळेच्या संगणकावरच्या प्रश्नसंचात समीकरणं काही केल्या टिकत नव्हती. गणिताचे सर घातांक नीट वर चढवून प्रश्न पाठवायचे. संगणकात साठवला की तोच घातांक खाली उतरून अक्षराशेजारी बसायचा. वर्गमूळाच्या चिन्हाचं तर चक्क प्रश्नचिन्ह व्हायचं. शेवटी संगणकाच्या बाईंनी तोडगा काढला. समीकरण फळ्यावर लिहा, फोटो काढा आणि चित्रांच्या फोल्डरमध्ये टाका. प्रश्नासोबत फक्त फोटोचं नाव साठवायचं; त्या नावाचा फोटो संगणक शोधून दाखवेल.

सरांना हे एकदम पटलं. त्यांनी फळा भरभरून समीकरणं मांडली, फोटो काढले आणि सगळे एकगठ्ठा फोल्डरमध्ये टाकले. नावांसाठी डोकं खाजवलं नाही. पहिल्याला 'एक', पुढच्याला 'दोन'. पण 'एक' नावाचा फोटो तिथे आधीच होता. तो जीवशास्त्राच्या बाईंचा बेडूक. जुना काढून नवा ठेवू का, असं संगणकाने रीतसर विचारलंही. सरांच्या तोंडून कधी कुणाला नकार गेला नव्हता, तो संगणकाला कुठून जाणार? त्यांनी 'हो' दाबलं.

त्यात गठ्ठ्यातला पहिला फोटो समीकरणाचा नव्हताच. मुख्याध्यापकांनी नवा कोट घालून सरांकडून फोटो काढून घेतला होता, तोही घाईत निवडला गेला.

जीवशास्त्राच्या चाचणीत प्रश्न आला, 'चित्राचे निरीक्षण करा. हा प्राणी कोणत्या वर्गात मोडतो?' खाली पर्याय होते: मासे, उभयचर, सरपटणारे, सस्तन. मुलं पडद्याला नाक लावून निरीक्षण करू लागली. एकाने हात वर करून विचारलं, खरं तेच उत्तर द्यायचं ना? बाई म्हणाल्या, मग काय खोटं द्यायचं असतं?

निकाल लागला आणि बाई चक्रावल्या. वर्गातल्या एका मुलीखेरीज कुणालाही बेडूक ओळखता आला नव्हता. याच गुणांवरून विज्ञान शिबिरासाठी मुलं निवडायची होती. त्या संगणकाच्या बाईंकडे गेल्या, दोघींनी प्रश्न उघडला आणि आधी खोलीचं दार लावून घेतलं. चूक दुरुस्त करायची तर उत्तर बदलावं लागणार होतं, आणि चाचणीनंतर उत्तर बदलायला मुख्याध्यापकांची परवानगी लागत असे. कुणी आधी बोलायचं यावर जिन्यात थोडी कुजबुज झाली.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून आधी फोटो पाहिला, मग प्रश्न वाचला.

"सस्तन बरोबरच आहे की," ते म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "सरपटणारे कुणी लिहिलंय का?"

कुणीच नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पण कुणा एकीने उभयचर लिहिलं होतं आणि संगणकाने तिला गुणही दिला होता. हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी त्या मुलीला बोलावून घेतलं.

"सर, तुम्ही सकाळी पोहायला येता ना, मी असते तिथे," ती म्हणाली. "नंतर दिवसभर शाळेत. म्हणजे पाण्यातही आणि जमिनीवरही. सस्तन तर सगळेच असतात. बाई इतकं सोपं कशाला विचारतील?"

जीवशास्त्राच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मुख्याध्यापकांनी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरायला सांगितली आणि मुलीला वर्गात पाठवलं. मग त्यांना शंका आली. हा फोटो आणखी कुठे आहे का?

संगणकाच्या बाईंनी नाइलाजाने उद्याची गणिताची चाचणी उघडली. पहिलाच प्रश्न होता, 'खालील उदाहरण सोडवा.' खाली नव्या कोटातले मुख्याध्यापक गंभीरपणे बसले होते.

बाई तो काढायला गेल्या, पण मुख्याध्यापकांनी हाताने थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "हे उदाहरण सुटावं म्हणून घरी इतकी वर्षं प्रयत्न चाललेत. बघू, मुलांना तरी जमतंय का."